लॉटरीत नंबर लागला, आता लेकीला पाठवू का?

नमस्कार बाई,

बॉस्टनपासून पाऊण तासावर एका उपनगरात राहतो आम्ही. मुलगी पाचवीत आहे, गावच्याच पब्लिक, म्हणजे सरकारी शाळेत. हिवाळ्यात नवऱ्याने एका चार्टर स्कूलचा अर्ज भरला होता. मार्चमध्ये सोडत निघाली, वेटलिस्टवर चौदावा नंबर आला आणि मी विषय डोक्यातून काढून टाकला. परवा शाळेतून फोन आला : सहावीला जागा झाली आहे, दहा दिवसांत कळवा.

तेव्हापासून घरात दुसरं बोलणं नाही. नवरा लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. आठवीला गावची शाळा सोडून लातूरला आला, तिथून इंजिनिअरिंगला. "तेव्हा शाळा बदलली नसती तर आज मी इथे नसतो," असं तो म्हणतो, आणि ते खरंच आहे. चार्टरचा निकाल आमच्या शाळेपेक्षा वरचा आहे. बॉस्टनच्या चार्टर शाळांवर मोठमोठ्या प्राध्यापकांनी केलेलं संशोधनही त्याने मला वाचून दाखवलं. सासूबाई म्हणतात, पोरीच्या जिवाभावाच्या चार मैत्रिणी आहेत, त्या तोडून कुठे धाडता? मुलगी काहीच बोलत नाही. नवी शाळाही उपनगरातलीच, पण गाडीने चाळीस मिनिटांवर आहे, बस नाही.

दुसरं दुखणं माझं स्वतःचं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळची पाळी. पीटीओच्या (पालक-शिक्षक संघटनेच्या) बैठकीला, फील्ड ट्रिपला मी कधीच नसते. ते भरून काढायचं म्हणून घरी असते त्या रात्री तिच्या शेजारी बसून सगळा होमवर्क करून घेते. साडेआठला बसतो, दहा वाजेपर्यंत दोघींपैकी एकीच्या डोळ्यांत पाणी आलेलं असतं.

संशोधन खरोखर काय सांगतं? पाठवावं का? आणि मी आई म्हणून कमी पडतेय का?

— दोन्हीकडून ओढली गेलेली

*

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तुम्ही कमी पडत नाही आहात. उलट जास्त करताय, आणि ते नको त्या ठिकाणी खर्ची पडतंय. यावर पुढे नीट बोलू, कारण माझ्या मते शाळा बदलण्यापेक्षा ती गोष्ट तुमच्या लेकीसाठी मोठी आहे. पण मुदत शाळेच्या निर्णयाला आहे, म्हणून आधी शाळा.

एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. साताऱ्याकडे दहा वर्षं आणि नंतर मॅसॅच्युसेट्समध्ये अठरा वर्षं मी मिडल स्कूलच्या मुलांना गणित शिकवलं, तेही डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावच्या नेहमीच्या सरकारी शाळेत. चार्टरवाले आमची हुशार मुलं पळवतात, आमचा पैसा पळवतात, असं आमच्या स्टाफरूममध्ये रोज बोललं जायचं आणि मीही त्यात असायची. बॉस्टनचं संशोधन मी पहिल्यांदा हातात घेतलं ते त्यातल्या चुका काढायला. चुका सापडल्या नाहीत, माझंच मत बदलावं लागलं. तुमच्या यजमानांनी वाचलेलं खरं आहे. पण त्याच लोकांनी दोन वर्षांनी आणखी एक काम छापलं, ते बहुधा त्यांच्या वाचनात आलेलं नाही. तुमचा प्रश्न त्या दुसऱ्या कामात आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी दोन ओळी. चार्टर स्कूल ही सरकारी पैशावर चालणारी शाळा. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. पण ती गावच्या शिक्षण मंडळाच्या हाताखाली नसते, तिचं स्वतःचं विश्वस्त मंडळ असतं आणि राज्याने ठराविक मुदतीची सनद दिलेली असते. काम बरोबर झालं नाही तर सनद जाते, शाळा बंद होते. पहिला कायदा मिनेसोटात १९९१ साली झाला, पहिली शाळा तिथेच सेंट पॉल शहरात १९९२ ला उघडली. मॅसॅच्युसेट्सचा कायदा १९९३ चा. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढावी लागते. आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्के जागांची निघते तशीच.

ही सोडत संशोधकांच्या फार कामाची ठरली. ती का, हे समजून घ्या, कारण त्याशिवाय निकालाचे आकडे वाचता येत नाहीत. समजा गावात नवं बियाणं आलं. ते आधी कोण आणतो? ज्याच्या विहिरीला पाणी आहे, जो पहाटे शेतात असतो, तो. त्याचं पीक चांगलं येतं आणि गाव म्हणतं, बियाणं भारी. खरं श्रेय बियाण्याचं की त्या माणसाचं, हे सांगता येत नाही. आता असं धरा की बियाणं मागायला आलेल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या, निम्म्यांना मिळालं, निम्म्यांना नाही. मागणारे सगळे सारखेच हौशी. मग पिकात जो फरक दिसेल तो बियाण्याचा. चार्टरचं तेच. अर्ज भरणारे आईबाप मुळातच जागरूक असतात, म्हणून नुसता निकाल बघून शाळेला मोठं म्हणता येत नाही. लॉटरी लागलेली मुलं आणि न लागलेली मुलं यांची तुलना केली, तरच शाळेने काय केलं ते कळतं.

पराग पाठक, जोशुआ अँग्रिस्ट, सुसान डायनार्स्की, थॉमस केन या अर्थतज्ज्ञांच्या गटाने बॉस्टनमध्ये नेमकं हे केलं. २०११ साली ते छापून आलं. ज्या चार्टरांना मागणी होती आणि जिथे सोडत निघाली, तिथे नंबर लागलेल्या मुलांची प्रगती न लागलेल्यांपेक्षा खूपच जास्त होती, विशेषतः गणितात आणि विशेषतः मिडल स्कूलमध्ये. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढा फरक क्वचित दिसतो. या मुलांत बहुसंख्य गरीब घरातली, काळी आणि लॅटिनो मुलं होती. त्यांच्या वस्तीतल्या शाळा वर्षानुवर्षं मागे पडलेल्या होत्या.

मग २०१३ साली अँग्रिस्ट, पाठक आणि ख्रिस्टोफर वॉल्टर्स यांनी पूर्ण राज्याकडे पाहिलं. पद्धत तीच, लॉटरीची. शहरातल्या चार्टरांचा फायदा पुन्हा दिसला. उपनगरांतल्या आणि लहान गावांतल्या चार्टरांत तो दिसला नाही. काही ठिकाणी तर तिथे गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा मागे पडली. ही मुलं मुळात चांगल्या पायावरून आलेली होती, आणि तरी मागे पडली.

यजमानांना हा परिच्छेद वाचून दाखवा. त्यांना खोटं पाडायला नव्हे. लातूरची गोष्ट या दोन्ही निकालांशी तंतोतंत जुळते, म्हणून. खेड्यातल्या त्यांच्या शाळेत आठवीला गणिताला शिक्षक होता की नाही मला माहीत नाही, पण मी शिकवलं त्या काळी कितीतरी शाळांत नसायचा. तिथून लातूरला येणं म्हणजे विहीर सोडून धरणावर येणं. अंतर मोठं होतं, म्हणून शाळा बदलल्याने आयुष्य बदललं. बॉस्टनच्या मुलांचं तेच झालं. तुमची मुलगी ज्या शाळेत आहे तिथे ग्रंथालय आहे, शिक्षक टिकून आहेत, विज्ञानाला प्रयोगशाळा आहे. तिच्या दोन शाळांमध्ये लातूर आणि खेड्याइतकं अंतर नाही. त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो लेकीच्या जागी बसत नाही.

शहरातल्या चार्टरांत असं काय होतं, तेही अभ्यासलं गेलं आहे. मॅसॅच्युसेट्सच्या अभ्यासात फायदा देणाऱ्या शाळा बहुतेक 'नो एक्सक्यूजेस' पठडीतल्या निघाल्या : गणवेश, कडक शिस्त, लांब दिवस, वाचन आणि गणितावर सगळा भर. न्यूयॉर्कमध्ये विल डॉबी आणि रोलंड फ्रायर यांनी ३९ चार्टर तपासले. वर्गातली मुलांची संख्या, दर मुलामागे होणारा खर्च, शिक्षकांच्या पदव्या यांचा आणि शाळेच्या यशाचा संबंध त्यांना लागला नाही. लागला तो पाच गोष्टींशी : शिक्षकांच्या तासाला कोणीतरी वारंवार बसून त्यांना सांगणं, चाचण्यांवरून पुढचं शिकवणं ठरवणं, सहा किंवा त्याहून कमी मुलांना घेऊन नेमाने जादा शिकवणी, शाळेत जास्त वेळ, आणि प्रत्येक मुलाकडून मोठी अपेक्षा. पाटीवर चार्टर लिहिलंय की डिस्ट्रिक्ट, याच्याशी या पाचांचा काही संबंध नाही. उपनगरातल्या बऱ्याच चार्टरांत यातलं फारसं नसतं. तिथे कला, प्रकल्प, लहान वर्ग असं वेगळं आकर्षण असतं. त्यात वाईट काही नाही, पण ते घ्यायचं असेल तर ते आपल्याला हवंय म्हणून घ्यावं, बॉस्टनच्या निकालाच्या भरवशावर नव्हे.

देशभराचं म्हणाल तर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या शिक्षण-संशोधन केंद्राने २००९ ला १६ ठिकाणची तुलना केली. गणितात १७ टक्के चार्टर जवळच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, ४६ टक्के सारखे, ३७ टक्के मागे. २०२३ च्या त्यांच्या अहवालात सरासरी चार्टरच्या बाजूने झुकली, वाचनात वर्षाला १६ दिवसांच्या शिक्षणाइतकी आणि गणितात ६ दिवसांइतकी. आणि नुसत्या ऑनलाइन चालणाऱ्या चार्टरांत मुलं गणितात जवळपास अख्खं वर्ष गमावत होती, हे त्यांनीच २०१५ मध्ये दाखवलं. 'चार्टर' या एका शब्दाखाली इतकी वेगवेगळी दुकानं आहेत.

निकालाच्या मोहाबद्दल आणखी एक सांगते, कारण तो मोह माझाही होता. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये प्रवेश परीक्षा घेणाऱ्या नामांकित सरकारी शाळा आहेत. पाठक, अँग्रिस्ट आणि अतिला अब्दुलकादिरोग्लू यांनी कटऑफच्या जेमतेम वर आणि जेमतेम खाली राहिलेल्या मुलांची तुलना केली. एक-दोन गुणांनी आत गेलेली आणि एक-दोन गुणांनी बाहेर राहिलेली मुलं, म्हणजे जवळपास एकसारखीच. पुढच्या परीक्षांत त्यांच्यात म्हणावा असा फरक पडला नाही. २०१४ साली हे वाचताना मला अकरावीच्या प्रवेशयाद्या आठवल्या. पुण्यातल्या अमुक कॉलेजात अर्ध्या टक्क्याने हुकलं म्हणून जेवण सोडून बसलेली मुलं आणि त्यांच्याहून जास्त रडणारे आईबाप. त्या कॉलेजांचा निकाल उत्तम लागतो, कारण उत्तम मुलंच आत घेतलेली असतात.

भारतातही लॉटरी लावून हे तपासलेलं आहे. दर जूनमध्ये मला सांगली-बीडकडून पत्रं येतात : झेडपीतून काढून इंग्लिश मीडियमला घालू का? आंध्र प्रदेशात पाच जिल्ह्यांतल्या १८० गावांत २००८ साली कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी सोडतीने मुलांना खाजगी शाळेची फी दिली आणि चार वर्षं त्यांच्या मागे राहिले. तेलुगू आणि गणितात नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं सारखीच निघाली. हिंदीत मात्र खाजगीतली पुढे होती, कारण तिथे हिंदी शिकवायला वेळ देत होते. खाजगी शाळा हे सगळं सरकारीच्या एक तृतीयांशाहून कमी खर्चात करत होत्या, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. माझ्यासाठी त्यातली मोठी बाब ही, की गावात सगळ्यांना डोळ्यांनी दिसणारा सरकारी-खाजगीतला फरक बहुतांशी मुलांच्या घरांतला फरक होता.

तर माझं मत. तुमच्या पत्रात मला पाठवण्याचं पुरेसं कारण दिसत नाही. रोज जाऊन-येऊन ऐंशी मिनिटं, तीन दिवस संध्याकाळची पाळी असलेली आई, बस नाही, आणि समोर असा चार्टर की ज्याच्या जातीच्या शाळांचा फायदा संशोधनात दिसलेला नाही. मी पाठवलं नसतं. पण तुमच्या समोरची शाळा ही एक विशिष्ट शाळा आहे. सरासरीला अपवाद असतात आणि तो अपवाद तुमच्या दारात आला असेल, तर बघितल्याशिवाय 'नको' म्हणू नका. दहा दिवसांत दोन कामं करा.

पहिलं, राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर दोन्ही शाळांची पानं उघडा. एमकॅस या राज्याच्या परीक्षेत किती टक्के मुलं पास, हा आकडा बाजूला ठेवा. 'ग्रोथ पर्सेंटाइल' बघा. आधीचे गुण सारखे असलेल्या राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं एका वर्षात किती सरकली, ते तो आकडा सांगतो. ५० म्हणजे मध्य, ४० ते ६० मध्ये म्हणजे नेहमीसारखं. निकाल वरचा आणि ग्रोथ ४५ असेल, तर मुलं हुशारच आली होती. निकाल मध्यम आणि ग्रोथ ६५ असेल, तर तिथे कोणीतरी मनापासून शिकवतंय. सहावी ते आठवीची सलग तीन-चार वर्षं बघा, एका वर्षावर जाऊ नका. त्याच संकेतस्थळावर किती शिक्षक टिकतात ते बघा, आणि किती मुलांना शिस्तीच्या कारणाने घरी पाठवलं तेही. सहावीत इतकी आणि आठवीत त्याच तुकडीत बरीच कमी मुलं दिसली, तर मधली कुठे गेली हे शाळेला विचारा. तो तुमचा हक्क आहे. चार्टरच्या विश्वस्त मंडळाच्या सभाही कायद्याने सर्वांना खुल्या असतात, त्यांची इतिवृत्तं मागून वाचता येतात.

दुसरं, ओपन हाउस, म्हणजे शाळा स्वतः पालकांना बोलावते तो दिवस, सोडून एखाद्या साध्या दिवशी शाळा बघायला मागा, गणिताच्या तासाला. ओपन हाउसला भिंती बोलतात. तुम्ही वर्गाच्या मागे वीस मिनिटं बसा आणि एवढंच बघा की शिक्षकांनी प्रश्न विचारल्यावर कोण बोलतं. तीच तीन मुलं बोलतात का? चुकलेल्या मुलाला शिक्षक "बस" म्हणतात की "तू असं का केलंस ते सांग" म्हणतात? मग मुलांच्या तपासलेल्या वह्या मागा. नुसती खूण आहे की दोन शब्द लिहिलेत? मी अठरा वर्षांत पुष्कळ शाळा आतून पाहिल्या आणि मला या दोन गोष्टींनी कधी फसवलेलं नाही. शाळेने बसू द्यायला नकार दिला, तर मला उत्तर मिळालं असं मी समजले असते.

मुलगी बोलत नाही म्हणता. अकरा वर्षांची पोर आई, बाबा आणि आजी यांच्यात कोणाची बाजू घेईल? तिला "जायचंय का?" विचारलंत तर ती तुमचा चेहरा वाचून उत्तर देईल. तिला सोबत न्या, तासाला बसू द्या आणि परत येताना गाडीत विचारा, आज काय पाहिलंस? बाकी काही नको. सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. मिडल स्कूलमध्ये डबा कोणाबरोबर खायचा, हा रोजचा प्रश्न असतो, आणि ज्या मुलीला त्याचं उत्तर सापडलेलं नसतं तिचं दुपारच्या गणितात लक्ष नसतं. हे मी वर्गात उभं राहून पाहिलेलं आहे.

आता रात्री साडेआठचं.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, आपल्याकडचाच. त्याचा होमवर्क रोज पूर्ण, सगळी उत्तरं बरोबर. फक्त भागाकार वेगळे दिसायचे. इथली मुलं भागाकार आडव्या रेघेच्या वर लिहितात. त्याच्या कागदावर भाजक डावीकडे, भाज्य मध्ये आणि भागाकार उजवीकडच्या कंसाबाहेर. आपण शिकलो तसा. कागद बघूनच कळायचं की टेबलाशी शेजारी कोण बसलं होतं. चाचणीत मात्र तो अर्धं इथल्या पद्धतीने सुरू करायचा, अर्ध्यात आईची पद्धत आठवायची, आणि सगळं कोलमडायचं. मी आईला फोन केला. त्या म्हणाल्या, "मी फक्त दाखवते हो." मी म्हटलं, पुढचे दोन आठवडे पेन्सिलीला हात लावू नका, अर्धवट राहिलं तर अर्धवट पाठवा. त्यांना ते फार जड गेलं. पण अर्धवट कागद यायला लागले आणि तेव्हा कुठे मला त्याचं अडतं ते ठिकाण दिसलं. ६१२ भागिले ६ याचं उत्तर तो १२ लिहायचा. एकाला सहाने भाग जात नाही, तेव्हा वर शून्य मांडायचं असतं, ते तो गाळायचा. चौथीपासून गाळत होता. घरी आई ते शून्य स्वतः लिहायची, म्हणून ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दुरुस्त करायला मला दोन दिवस लागले.

तुमच्या घरी काय चालतं ते मी पाहिलेलं नाही. पण रडून संपणारा होमवर्क बहुतेक असाच असतो. आई जे भरून काढते ते शिक्षकांना दिसत नाही. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ साली मिडल स्कूलच्या वयावरचे ५० अभ्यास एकत्र तपासले. पालकांच्या सहभागाचे बहुतेक प्रकार कमी-जास्त उपयोगी निघाले, एक सोडून : होमवर्कला मदत. तिथे संबंध उलटा आला. याचा थोडा भाग असा, की जे मूल आधीच अडखळतंय त्यालाच आईबाप मदतीला बसतात, म्हणून मदत आणि कमी गुण बरोबर दिसतात. पण या वयात मुलाला स्वतःचं स्वतः करून बघायचं असतं, आणि आपली पद्धत शाळेच्या पद्धतीत मिसळून गोंधळ होतो, हेही कारण त्यांनी मांडलं. कीथ रॉबिन्सन आणि एंजल हॅरिस यांनी पुढे ६३ प्रकारचे सहभाग तपासले. शाळेत जाऊन स्वयंसेवा, वर्गावर लक्ष, घरी शिक्षा, होमवर्क. बहुतेकांचा गुणांवर परिणाम किरकोळ किंवा शून्य.

यातून पालकांनी हात झटकावेत असा अर्थ काढू नका. हिल-टायसन यांच्या अभ्यासात सगळ्यांत वर जे आलं, ते घरातलं बोलणं होतं. शाळेत शिकलेल्याचा जगाशी संबंध जोडणं, तुझ्याकडून आम्हाला काय अपेक्षा आहे ते तिला माहीत असणं, पुढे काय करायचंय याची चर्चा, अभ्यास कसा करायचा याची युक्ती. हे पीटीओच्या बैठकीत होत नाही, ते तुमच्या गाडीत आणि ओट्यापाशी होतं. तुम्ही लॅबमध्ये काम करता! रक्ताच्या नमुन्यातल्या पेशी कशा मोजतात, एक टक्का चूक झाली तर डॉक्टर कुठे फसतात, हे तुम्ही तिला कधी सांगितलंत? टक्केवारी सहावीत येते. एका सुट्टीच्या दिवशी पोळ्या लाटताना ते सांगा. मराठीतच सांगा, ज्या भाषेत तुम्हाला हातचं न राखता बोलता येतं.

आणि रात्री असं करून बघा. ती तिच्या टेबलाशी, तुम्ही त्याच खोलीत पण तुमचं काहीतरी करत. अडलं तर तिने आधी तुम्हाला समजावून सांगायचं की प्रश्न काय आहे आणि तिने काय करून पाहिलं. निम्म्या वेळा सांगता सांगताच तिचं तिला सापडतं. नाही सापडलं, तर तिने कागदावर लिहायचं : "इथपर्यंत आलं, पुढे कळलं नाही." शिक्षिकेला एक ईमेल टाका : यापुढे घरून मदत न घेता होमवर्क येईल, कुठे अडतंय ते कळवा. मला अशा ईमेल अठरा वर्षांत सहा-सातच आल्या असतील. त्या मुलांकडे माझं आपोआप जास्त लक्ष जायचं. नऊला वही बंद. पहिले काही दिवस तुमचा जीव खालीवर होईल, कागद रिकामे जातील. जाऊ द्या.

ज्या तीन दिवशी तुम्ही नसता, तेव्हा सासूबाई असतातच ना घरी? त्यांना होमवर्क कळत नाही, हा मोठा फायदा आहे. लेकीने शाळेत आज काय झालं ते आजीला मराठीत सांगायचं, आजीला समजेपर्यंत. ज्वालामुखी, अपूर्णांक, अमेरिकन क्रांती, काहीही. आजी विचारणार, "म्हणजे काय गं?" त्या एका प्रश्नाची किंमत मी मोठी धरते.

पीटीओचं म्हणाल, तर तिथे नसल्याची टोचणी आजपासून सोडून द्या. वर्षातून एकदा कुठे जाता आलं, तर बेक सेल (शाळेसाठी केक-बिस्किटं विकून पैसे जमवणं) सोडा आणि स्कूल कौन्सिलच्या सभेला जा. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९३ च्या त्याच कायद्याने प्रत्येक डिस्ट्रिक्ट शाळेला ते नेमावं लागतं, त्यात पालक आणि शिक्षक बरोबरीने बसतात आणि शाळेच्या सुधारणेचा आराखडा तिथे चर्चेला येतो. न्यूयॉर्कच्या त्या पाच गोष्टी आठवा. "आपल्या शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना लहान गटात शिकवायची सोय किती आहे?" एवढा एक प्रश्न विचारून या. गावच्या शाळेत राहायचं ठरलं, तर ती शाळा तुमचीही आहे.

येत्या चार दिवसांत शाळा बघून घ्या. पाठवायचं ठरलं तर आधी गाडीचा प्रश्न सोडवा, नवऱ्याशी आठवड्याचं वेळापत्रक कागदावर मांडून. आणि पाठवायचं नाही असं ठरलं तर दहाव्या दिवसाची वाट बघू नका, त्याच संध्याकाळी कळवा. वेटलिस्टवर पंधरावा नंबर कोणाचा तरी आहे, आणि त्या घरात अजून फोन वाजलेला नाही.